नाव पुसलं जाऊ नये म्हणून

(आत्मकथन व अनुभवलेखन करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



लेखनाच्या प्रत्येक शिबिरात शेवटच्या दिवशी एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, लिहिलं. धीर करून फेसबुकवर टाकलंसुद्धा. ओळखीच्या तीस-चाळीस जणांनी लाइक केलं, दोघी-तिघींनी 'छान' म्हटलं, आणि दोन दिवसांत ते खाली खाली जाऊन दिसेनासं झालं. ज्या बायांसाठी लिहिलं होतं त्यांना ते दिसलंच नाही. आता पुढे काय?" संयोजक मैत्रिणींनी मला आज याच प्रश्नावर बोलायला सांगितलं आहे. मी संगणकाची जाणकार नाही. वस्तीतल्या आणि गावातल्या बायांबरोबर लेखन-वाचनाचे गट चालवणारी कार्यकर्ती आहे. आमच्या गटांनी जे करून पाहिलं आणि जे टिकलं, तेवढंच सांगणार आहे.

सुरुवातीला थोडं मागे जाऊ या. स्त्रियांची आत्मकथनं मराठीत शंभराहून अधिक वर्षं लिहिली जात आहेत. ती आपल्यापर्यंत कशी आली? आपण समजतो, लिखाण चांगलं होतं म्हणून आली. पण चांगलं असणं कधीच पुरलेलं नाही. बेबीताई कांबळे यांचं उदाहरण घ्या. फलटणमध्ये त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. सामान बांधायला आलेली रद्दी त्या वाचत आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं. फलटणमध्येच शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लिहितात हे कळलं. त्यांनी उत्तेजन दिलं आणि १९८२ साली 'स्त्री' मासिकात ते लेखन क्रमशः छापून आलं. १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. २००८ साली माया पंडित यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि ते देशाबाहेर वाचलं जाऊ लागलं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. त्यामागे त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांचा आग्रह होता. हंसा वाडकरांनी आपलं आयुष्य सांगितलं, ते अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं, 'माणूस'मध्ये ते आलं आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक निघालं. उलट बाजूचं उदाहरण ताराबाई शिंद्यांचं. 'स्त्री-पुरुष तुलना' हे आत्मचरित्र नव्हे, पण बाईनं स्वतःच्या संतापातून लिहिलेलं पुस्तक आहे. ते १८८२ साली छापलं गेलं. जोतीरावांनी त्याची बाजू घेतली, पण पुढे ते कुणी वाहून नेलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत ९३ वर्षं गेली. या काळात किती जणींना वाटलं असेल, की असा विचार करणारी आपणच पहिली!

म्हणजे प्रत्येक वेळी लिहिणारीच्या पलीकडे कुणीतरी एक काम केलं. कुणी वाचलं, कुणी आग्रह केला, कुणी मुद्रितं तपासली, कुणी मासिकाची पानं दिली, कुणी अनुवाद केला. आज इंटरनेटमुळे संपादकाचा उंबरठा उरला नाही, हे फार चांगलं झालं. त्या उंबरठ्यावर आपल्या अनेकजणी अडखळल्या आहेत. पण उंबरठ्याबरोबर हे पोचवण्याचं कामही कुणाचं उरलं नाही. ते एकट्या लिहिणारीच्या डोक्यावर येऊन पडलं आहे. दिवसाची पाळी, स्वयंपाक, म्हातारी माणसं, मुलांचा अभ्यास यातून वेळ काढून तिनं लिहायचं, आणि वर स्वतःची जाहिरातही स्वतःच करायची! माझं म्हणणं असं, की पोचवण्याचं काम संघटनेनं अंगावर घेतलं पाहिजे. मोर्चाचं, शिबिराचं, सल्लाकेंद्राचं काम आपण वाटून घेतो, तसंच हेही.

आता पोचवायचं कुणापर्यंत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ३३ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. स्वतः वापरते असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. त्यानंतर फोन आणखी घरांत पोचले आहेत. पण फोन घरात असणं आणि तो बाईच्या हातात, तिच्या एकटीच्या हातात असणं, यातला फरक आपल्याला चांगला ठाऊक आहे. फोन मुलाचा असतो, रिचार्ज नवरा करतो, संध्याकाळी सासू त्यावर मालिका पाहते. त्यामुळे 'ऑनलाइन टाकलं म्हणजे सगळ्यांसाठी खुलं झालं' असं मानून चालत नाही. शेवटचा टप्पा अजूनही माणसालाच चालावा लागतो.

दुसरी अडचण अधिक बोचणारी आहे. मराठी बायकांचं लिखाण सर्वांत जास्त फिरतं ते व्हॉट्सॲपवर, आणि तिथे ते नाव गळून फिरतं. आमच्या गटातल्या एका निवृत्त परिचारिकेनं रात्रपाळीबद्दल लिहिलं होतं. वॉर्डात मरणारी माणसं, घरी ठेवलेलं तान्हं मूल, अंगावर फुटणारा पान्हा. चार महिन्यांनी तेच लिखाण तिच्याच नणंदेनं तिला पाठवलं, 'वाच, कुणीतरी किती सुंदर लिहिलंय' म्हणून! खाली लिहिलं होतं, 'लेखक अनामिक.' मधला एक परिच्छेद कुणीतरी गाळला होता. तो पगाराबद्दलचा होता. आणि शेवटी आईच्या महतीच्या दोन ओळी जोडल्या होत्या. ती मला म्हणाली, "हजारो लोकांनी वाचलं असेल ना? मग मला चोरी झाल्यासारखं का वाटतंय?"

तिला तसं वाटलं कारण चोरी झालीच होती. तिच्या अनुभवातला राजकीय भाग कापून त्याची 'आईची माया' करून टाकली होती. बाईच्या लिखाणातून नाव काढलं की हे सोपं जातं, कारण जाब विचारायला कुणी उरत नाही. गमतीनं आपण अशा मजकुरांना ढकलपत्रं म्हणतो. पण ज्या बाईचं लिखाण असं ढकललं जातं, तिला त्यातून वाचक मिळत नाहीत. वाचक मिळाले म्हणजे तिच्यापर्यंत उत्तर परत आलं पाहिजे, तिचं पुढचं लिखाण लोकांनी शोधलं पाहिजे, तिला बोलावलं पाहिजे. म्हणून लिखाण नावासकट आणि पूर्ण पोचतं की नाही, हे आपण मोजायला शिकू या.

कायदा इथे आपल्या बाजूनं आहे. लेखन केल्याक्षणी त्याचा हक्क लिहिणारीचा होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपलं लेखन आपलं आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क लेखिकेला आहे. लिखाणाचे हक्क विकले, तरी हा हक्क तिच्याकडेच राहतो. प्रत्येक ढकलपत्रामागे कोर्टात जायचं नाही. पण गटातल्या बायांना हा हक्क माहीत असला, की 'हे अमकीचं आहे, नाव घाला' असं त्या ठासून लिहितात. आमच्या परिचारिका मैत्रिणीच्या बाबतीत अकरा जणींनी आपापल्या ग्रुपवर तसं लिहिलं आणि बऱ्याच ठिकाणी नाव परत लागलं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पहिलं, लिखाणाला एक कायमचा पत्ता हवा. फेसबुकवरचं लिखाण गर्दीत वाहून जातं. सहा महिन्यांनी लेखिकेलासुद्धा ते सापडत नाही. गटाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लिहिणारीचं एक पान असावं, तिथे तिचं सगळं लिखाण तारखेसह असावं. व्हॉट्सॲपवर पूर्ण मजकूर पाठवण्याऐवजी पहिले दोन परिच्छेद, तिचं नाव आणि त्या पानाचा दुवा पाठवावा. नाव वर शीर्षकाखाली आणि पुन्हा शेवटी घालावं.

दुसरं, अक्षर शोधता आलं पाहिजे. आपल्या अनेक संघटनांचे जुने अंक जुन्या फाँटमध्ये लावलेले आहेत. कागदावर ते सुरेख दिसतात. पण तोच मजकूर इंटरनेटवर टाकला, तर शोधयंत्राला ती मराठी अक्षरं वाटतच नाहीत. अंकाची पानं स्कॅन करून टाकली तर ती नुसती चित्रं होतात. त्यात शब्द शोधता येत नाही आणि लहान फोनवर वाचताना डोळे फुटतात. मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. जुना मजकूर बदलून देणारी साधनं आहेत, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. म्हणून एकीनं मूळ अंक हातात धरून वाचायचं आणि दुसरीनं पडद्यावर तपासायचं. पूर्वी आपण मुद्रितं तपासत होतो, तसंच.

तिसरं, शीर्षक. आपल्या बायका शीर्षकात लाजतात. 'मनातलं', 'आठवणींचा गोफ', 'वेदना' अशी शीर्षकं देतात. या नावांनी कुणी काही शोधत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजला. समजा, त्यांच्यापैकी एकीनं आपली हकीकत लिहिली आणि वर 'वेदना' असं नाव दिलं. दुसऱ्या तालुक्यातल्या बाईला डॉक्टरनं तोच सल्ला दिला आहे आणि ती रात्री फोनवर शोधते आहे. ती 'पिशवी काढल्यावर काय त्रास होतो' असंच विचारणार. 'पिशवी काढली तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते' असं शीर्षक असेल तर ते तिला सापडेल. शीर्षक भडक करा असं मी म्हणत नाही. भडक शीर्षकानं वाचणारे येतात ते बहुधा चवीनं वाचायला येतात. शीर्षकात गोष्ट काय आहे ते बायकांच्या नेहमीच्या शब्दांत सांगा. पहिल्या परिच्छेदातही जन्मगावच्या निसर्गाचं वर्णन करत बसू नका. जे सांगायचं आहे तिथूनच सुरू करा.

चौथं, आवाज. ज्यांना वाचायला जड जातं, ज्यांचे हात कामात असतात, त्यांच्यासाठी लेखिकेच्या स्वतःच्या आवाजात आठ-दहा मिनिटांचं वाचन करून ठेवा. तेही नावानं सुरू होऊ द्या: 'मी अमुक, हे माझं लिखाण.' भाकरी थापताना बायका ऐकतात. ज्यांना लिहायला जड जातं, त्यांनी सांगावं आणि दुसरीनं टिपावं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून, बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली उभं केलं. त्यांच्या वेळी हे फार कष्टाचं होतं. आज फोनमध्ये ध्वनिमुद्रण आहे, आणि २०१७ पासून मराठीत बोललेलं टाइप करून घेण्याची सोयही आली आहे. पण फोनला प्रमाण मराठी जास्त कळते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईचे शब्द तो बदलून टाकतो. तिथे टिपणारीनं जागं राहायला हवं. तिनं 'व्हतं' म्हटलं असेल तर 'व्हतं'च राहू द्या. 'जिणं आमुचं'ची ताकद त्याच्या बोलीत आहे. शुद्धलेखनाच्या नावाखाली आपण बाईचा आवाजच इस्त्री करून टाकतो. आणि बहुतेक वेळा इस्त्री कुणाच्या हातात असते आणि कपडे कुणाचे, हे जातीच्या अंगानंही तपासून पाहा.

पाचवं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, वाचन-गट. दर महिन्याला एक लिखाण निवडायचं आणि ते बचत गटाच्या बैठकीत, आरोग्य-सेविकांच्या सभेत, महिला मंडळात मोठ्यानं वाचायचं. हप्ते गोळा होईपर्यंत पंधरा मिनिटं मिळतातच. वाचून झाल्यावर प्रत्येकीनं एक वाक्य बोलायचं, ते फोनवर टिपायचं आणि लेखिकेला पाठवायचं. अशी वीस बायकांची वीस वाक्यं ऐकून एक लेखिका मला म्हणाली, आता मला पुढचं लिहावंच लागेल. हजार लाइकनं तिला असं वाटलं नव्हतं. आणि त्या वीस जणींतल्या दोघी पुढे स्वतः लिहू लागल्या. लक्ष्मीबाई टिळकांसारख्या लेखिकांच्या लेखनाच्या हक्काची मुदत, म्हणजे मृत्यूनंतरची ६० वर्षं, केव्हाच संपली आहे. त्यांचं लिखाण कुणाची परवानगी न घेता वाचता येतं, मुद्रित करून पाठवता येतं. नव्या लिहिणारीच्या जोडीला त्यांनाही घ्या.

आता धोक्याबद्दल बोलते. पोचणं नेहमीच सुखाचं नसतं. मार खाल्ल्याचं लिहिलेलं सासरी पोचतं, मुलीच्या ठरत असलेल्या लग्नात पोचतं, कामाच्या ठिकाणी साहेबाच्या टेबलावर पोचतं. म्हणून प्रकाशनाआधी लेखिकेशी शांतपणे बसून बोललं पाहिजे. हे कुणी वाचलं तर तुला चालणार नाही? उद्या भांडण झालं तर रात्री कुठे जाशील? लिखाणात बहिणीची, जावेची, मुलीची गोष्ट आली आहे, त्यांना विचारलंस का? आणि तिला थांबायचं असेल तर थांबू द्यायचं. अंक छापायला गेला आहे किंवा सगळी तयारी झाली आहे, हे कारण तिच्यावर लादायचं नाही. छापल्यावरही तिनं 'काढा' म्हटलं तर काढायचं.

नाव बदलून लिहिण्याची वाटही आहे, आणि तिला मोठी परंपरा आहे. रखमाबाईंनी १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या नावानं. त्या वेळी नवऱ्यानं त्यांच्यावर नांदायला येण्यासाठी दावा लावलेला होता. त्यांनी ते नाव स्वतः निवडलं होतं. परिचारिका मैत्रिणीचं नाव दुसऱ्यांनी पुसलं. दोन्हीकडे खरं नाव दिसत नाही, पण निर्णय कुणाचा, यात सगळा फरक आहे. टोपणनाव घेतलं तर तेच कायम ठेवा, म्हणजे वाचकांना तिचं पुढचं लिखाण सापडेल. आवाज ओळखू येतो हे लक्षात ठेवा. टोपणनावाच्या लिखाणाचं वाचन दुसरीनं करावं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ओळख तिच्या लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. परवानगीचा कागद गटाकडे जपून ठेवा.

बदनामीच्या खटल्याची भीतीही खरी आहे. प्रिया रमाणी यांनी लिहिलेल्या अनुभवावरून एम. जे. अकबर यांनी २०१८ साली त्यांच्यावर फौजदारी खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीला आपली तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनंतरही मांडता येते, असं त्या निकालात म्हटलं आहे. हा निकाल आपल्याला बळ देतो. पण तो मिळेपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ तारखा झाल्या, हेही विसरू नका. मोठ्या शहरातल्या नामवंत पत्रकार बाईच्या पाठीशी वकील उभे राहिले. तालुक्यातल्या अंगणवाडी-सेविकेच्या पाठीशी कोण उभं राहील? आपल्यालाच राहावं लागेल. ज्या दिवशी तिचं लिखाण आपण जगापुढे ठेवतो, त्या दिवशी तिच्या गावाजवळची एक कार्यकर्ती आणि एक वकील यांचे नंबर तिच्याजवळ असले पाहिजेत. ही सोय होत नसेल, तर लिखाण वाचन-गटापुरतं ठेवा. वीस बायकांनी दार लावून ऐकलेलं लिखाणसुद्धा पोचलेलंच असतं.

शेवटी कामाचं बोलू. इथे वेगवेगळ्या जिल्ह्यांतले गट आहेत. प्रत्येक गटात लिहिणारी एक तरी आहे, हे कालच्या वाचनावरून कळलं. तिच्यासोबत तीन जणी लागतील. एक मजकूर टाइप करून तपासणारी, एक आवाज मुद्रित करणारी आणि एक तो महिन्याच्या बैठकांमधून वाचून दाखवणारी व उत्तरं परत आणणारी. या कामाला पैसा फार लागत नाही, पण नेमून दिलेली माणसं आणि ठरलेला दिवस लागतो. म्हणून जेवणाची सुट्टी होण्याआधी प्रत्येक गटानं एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात: कुणाचं लिखाण, कोणत्या नावानं, कुठल्या बायांपर्यंत आणि कोणत्या तारखेला. तीन महिन्यांनी आपण भेटू तेव्हा हाच कागद घेऊन बसू.